चोरलेल्या फांदीची जास्वंद

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जास्वंदीची कीड पुसणं. होळी होऊन गेली होती, ऊन तापायला लागलं होतं आणि शेंड्याशेंड्यावर पांढरी, कापसासारखी कीड बसली होती. अनुसयानं घमेल्यात कपड्याच्या साबणाचं पाणी केलं, त्यात माझ्या डबीतली तंबाखू मला न विचारता टाकली आणि मला फांदी वाकवून धरायला लावली. ती जुन्या लुगड्याच्या चिंधीनं एकेक शेंडा पुसत होती, लेकराचं नाक पुसावं तसा. मी फांदी धरली होती, पण माझे डोळे कुंपणापलीकडं होते.

"सरळ धरा जी," ती म्हणाली. "हात काऊन हालून राह्यला?"

"वाघ फिरून राह्यला गावाभोवती, अन् तू माहा हात पाहून राह्यली."

"वाघ दुपारी झोपते. त्याले काय आपल्यासारखी कीड पुसाची आहे?"

ही माझी बायको. तुम्ही तिला पाहिलं नाही म्हणून सांगतो. मी चौथीपर्यंत शिकलेला ढीवर माणूस, तलावात जाळं टाकण्यात जन्म गेला, लिहायची सवय नाही. पण त्या दुपारी ती माझ्यावर खेकसत होती आणि त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत, ती नव्हती. हे मी कितीदा तरी स्वतःलाच सांगून पाहिलं. स्वतःला सांगून पटत नाही, म्हणून दुसऱ्यांना सांगतो.

आमचं गाव आरमोरी तालुक्यात, तलावाच्या पाळीखाली. आमचं घर गल्लीच्या शेवटी. समोर बसायची सपरी, मागं सांदवाडी. सांदवाडी म्हणजे घरापुरती वांगी-मिरची लावायची जागा. तिच्या टोकाला काट्याचं कुंपण, कुंपणाला लागून ती जास्वंद. पलीकडं नाला. नाल्याच्या पलीकडं जंगल, ते पार कुठवर जातं ते मी कधी पाहिलं नाही. जास्वंद माझ्या डोक्यावर हातभर उंच झाली होती आणि आमच्या दोघांच्या बाजेएवढी रुंद. फूल बशीएवढं, लालभडक, पाकळीवर पाकळी. सकाळी फुललेली असली की नाल्याच्या पलीकडून लुगडं वाळत घातल्यासारखी दिसायची.

तिची पहिली फांदी अनुसयानं चोरून आणलेली. आमच्या लग्नाला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आरमोरीच्या बाजारात सुकी मासोळी विकून आम्ही पायी परत येत होतो. रस्त्यात एका बंगल्याच्या आवारातून जास्वंदीची फांद बाहेर वाकली होती. अनुसया थांबली. म्हणाली, "तुम्ही समोर व्हा, माही चप्पल तुटली वाट्टे." चप्पल चांगली होती. मी थोडा पुढं गेलो आणि मागं कट्‌ असा आवाज आला. वळून पाहिलं तर बाई छत्री बगलेत दाबून, सरपंचाच्या बायकोसारखं तोंड करून येत होती. थोड्या वेळानं पाणी आलं ते धो धो. मी म्हटलं, छत्री उघड. "बिघडली आहे," म्हणाली. नखशिखांत भिजलो. घरी येऊन तिनं छत्री उघडली तर आतून करंगळीएवढी जाड फांदी निघाली.

"मागितली असती तं दिली असती त्याईनं," मी म्हटलं. मला थंडी वाजत होती.

"मागितलेली फांदी लागत नाई जी. चोरलेलीच लागते. एवढंबी मालूम नाई तुमाले?"

आमच्याकडं सगळे असंच मानतात. फुलझाडाची फांदी मागितली तर ती वाळून जाते, चोरली तर फुटते. त्यामुळं फांदी नेणारी चोर नसते आणि जिची जाते तिचं नुकसान नसतं. पण दोघींनी रीत पाळायची असते. अनुसया म्हणायची, "देणारीनं पाहाचं नाई, नेणारीनं सांगाचं नाई. मंग झाड खुशीनं लागते." आणि ही रीत तिच्याएवढी कोणी पाळली नसेल. कुंपणाकडं झाड हललं, बांगडी वाजली, की ती हातातलं काम सोडायची, भांड्यांचं टोपलं घेऊन सांदवाडीत जायची, झाडाकडं पाठ करून उकिडवी बसायची आणि राखेनं भांडी घासत आदळआपट करायची. फांदी मोडल्याचा आवाज आपल्याला ऐकू आला असं त्या बाईला वाटू नये म्हणून. किती दांडग्या आवाजानं! चांगली स्वच्छ भांडी पुन्हा घासायची.

एकदा कोणीतरी नवशिकी आली होती. जास्वंदीचं साल चिवट असतं, फांदी मोडते पण साल सोडत नाही. ती बाई पिळून पिळून थकली. इकडं अनुसया भाताचा गंज आपटून आपटून थकली. गंजाला पोचा आला. शेवटी ती पाठ न वळवता आभाळाकडं पाहून म्हणाली, "इळा कुंपणाले टांगून आहे बाप्पा, कोणाले लागला तं." कुंपणामागून हसण्याचा आवाज आला, मग कट्‌, मग पळत गेलेली पावलं. अनुसया आत आली ती पदर तोंडात कोंबून. गावातल्या अर्ध्या दारांसमोर आज जी लाल जास्वंद आहे ती आमचीच. तिनं एकीलाही कधी विचारलं नाही, हे झाड कुठून आणलं वं. उलट मोठ्या नवलानं म्हणायची, "काय सुंदर रंग आहे, असा तं पाहाले नाई भेटत."

झाडाचं तिला सगळं समजत होतं, पण ते ती मास्तरणीसारखं सांगत नसे, मला टोमणे मारत सांगत असे. होळीच्या सुमाराला ती जुन्या फांद्या कापून टाकायची. मी म्हणायचो, चांगल्या फांद्या काऊन कापते? तर म्हणायची, "फूल नव्या फांदीले येते. बुढ्या फांद्या नुसत्या जागा अडवून बसते अन् चहा मागते." मासोळी धुतलेलं पाणी ती कधी नालीत टाकू द्यायची नाही, थेट जास्वंदीच्या बुडाशी. खवले आणि आतडी खड्डा करून तिथंच पुरायची. "माह्या झाडाले तलावाचं रक्त लागते," म्हणायची. मला त्या वासाची लाज वाटायची, पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. पण फुलं तशी येत होती, खोटं कसं बोलू.

यंदा तिचा एकाच गोष्टीत जीव अडकला होता. शेजारच्या घरी नवी सून आली होती, वनिता. लाजरी. रोज सकाळी नळावरून येताना उभी राहून फुलाकडं पाहायची आणि मान खाली घालून जायची. तिच्या सासरच्या अंगणात एकही फुलझाड नव्हतं. अनुसया तिच्यासाठी करंगळीएवढी एक फांदी कुंपणाच्या बाहेर काढून ठेवायची, हाताला सहज लागेल अशी, आणि रोज संध्याकाळी जाऊन पाहायची. फांदी तिथंच. "नजरेनं नेली तिनं, हातानं नेत नाई," म्हणायची. "चोराले बी हिंमत पाह्यजे बाप्पा. आजकालच्या पोट्ट्याईत काई दम नाई."

मग वाघ आला.

तसा वाघ आमच्याकडं नवा नाही. पण तो जंगलात असतो, आपण गावात असतो, असं चाललेलं असतं. ह्या वेळी तो नाल्याच्या अलीकडं आला. आधी पाळीवरून एक गोऱ्हा नेला. मग बाजूच्या गावचा एक माणूस पहाटे मोह वेचायला गेला, त्याची टोपली तेवढी घरी आली. त्यानंतर गावाचा श्वास बदलला. मी साठ-पासष्ट वर्षांचा माणूस, खरं सांगतो, मला लघवीला बाहेर जायची भीती वाटायची. तलावावर आम्ही एकटे जाईनासे झालो, चार-पाच जण मिळून डबे वाजवत जायचो, मासोळी काय लागणार. कुत्रे भुंकले की भीती वाटायची आणि भुंकायचे थांबले की जास्त वाटायची. उजेडातसुद्धा पळसाचं पान पडलं की मान वळायची.

अनुसया भीत नव्हती असं समजू नका. झोपेत ती माझा दंड इतका घट्ट धरायची की सकाळी बोटांच्या खुणा दिसायच्या. पण सांदवाडीत उतरताना ती मोठमोठ्यानं वाघाशी बोलायची. "ए बाबा, मी बुढी आहो. नुसती हाडं आहेत, तुह्या दाताले अडकतीन. माह्या बुढ्याले ने, थो मऊ आहे." गल्लीतल्या बाया हसायच्या. मी हसत नव्हतो. बोलताना तिचा आवाज चिरका व्हायचा, तो मला ऐकू यायचा.

जंगलखात्याचा गार्ड घरोघर सांगत आला. त्यानं नाल्यात पंजे पाहिले होते. आमच्या मागं येऊन तो बराच वेळ त्या झाडाकडं पाहत राहिला. त्याला अनुसयानं पाणी दिलं.

"मावशी, हे झाड कापून टाका," तो म्हणाला. "याच्या मागं बैल बसला तरी दिसणार नाही. अन् मासोळीचा वास येऊन राह्यला इथी. वासानं कुत्रे येतात, कुत्र्यांमागं दुसरे येतात."

"मासोळीचं पाणी आजपासून बंद," ती लगेच म्हणाली.

"अन् झाड?"

"झाडाले कळ्या आहेत ना भाऊ. मारुतीची जयंती होऊ द्या. दरसाल मंदिरात हार माह्या झाडाचा राह्यते. जयंती झाली का कापा, मी सोता इळा देतो."

गार्डनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, आजच कापतो. मी खरंच इळा घेऊन निघालो. तेव्हा ती झाडासमोर येऊन उभी राहिली, पदर खोचून. भांडण झालं. आमच्या उभ्या जन्मात एवढं मोठं भांडण झालं नव्हतं. मी म्हटलं, तुले झाड पाह्यजे का जीव? ती म्हणाली, "मले दोनी पाह्यजे. जीव भेऊन वाचत नाई जी. अन् वाघाच्या भेवानं आज झाड कापलं, उद्या घर कापसान, परवा गाव. मंग जाचं कुठी?" मी इळा खाली ठेवला. गार्ड हळूच निघून गेला. शेवटी ठरलं ते असं, की मासोळीचं पाणी बंद, संध्याकाळी मागचं दार बंद आणि जयंतीच्या दुसऱ्या दिवशी झाड बुडापासून कापायचं. तिनं मान हलवली.

तिची खरी काळजी दुसरीच होती. फांदी चोरायला बाया नेहमी तिन्हीसांजेला यायच्या, कुंपणाच्या मागच्या अंगानं, नाल्याच्या बाजूनं. कारण समोरून आलं तर दिसतं आणि दिसलं तर चोरी कसली. वाघाच्या दिवसांत कोणी तशी आली तर? म्हणून तिनं नळावर जाऊन जाहीर केलं, "मी आजकाल दुपारी झोपून राह्यतो बाप्पा. अशी घोरतो, अशी घोरतो, का कोणी घर उचलून नेलं तरी मालूम पडत नाई." सगळ्या बायांना समजलं. एक-दोघी दुपारी समोरून येऊन फांद्या नेऊन गेल्या, अनुसया सपरीत डोळे मिटून खोटं घोरत होती. वनिता आली नाही. दुपारी तिची सासू घरी असायची.

ज्या दिवशी आम्ही कीड पुसली त्या दिवशी संध्याकाळी मी सपरीत जाळ्याची फाटलेली ओळ विणत बसलो होतो. अजून उजेड होता, दोरा दिसत होता. अनुसया मागचं दार लावायला गेली आणि तशीच चवड्यावर चालत परत आली. डोळे चमकत होते. माझ्या कानाशी वाकली.

"आली वाट्टे पोट्टी."

"कोण?"

"वनिता. झाड हालून राह्यलं, मांगच्या अंगानं. सासू कीर्तनाले गेली आहे ना, म्हणून आता आली."

"अवं हाक मार तिले. ह्या वेळी नाल्याकून कायले आली?"

"हाक मारली का भेऊन पळंन, अन् पळंन थे नाल्याकडंच. त्यापरीस लवकर फांदी घेऊ द्या अन् जाऊ द्या. मी भांडे वाजवतो. भांड्याच्या आवाजानं वाघबी लांब राह्यते." तिनं टोपलं उचललं. "तुम्ही मांगं येऊ नोका. माणूस दिसला का लाजंन."

मला तिचं म्हणणं बरोबर वाटलं. कोणालाही वाटलं असतं. भांड्यांचा आवाज आला, नेहमीसारखा, गंज, ताटली, गंज. ती काही तरी पुटपुटत पण होती, बहुतेक फांदी कशी लावायची ते, हवेला सांगितल्यासारखं, म्हणजे त्या पोरीला ऐकू जावं. मग भांडी वाजायची थांबली. मी वाट पाहिली की आता ती पदर तोंडात धरून आत येईल. एक गंज तेवढा घरंगळत गेला, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

पुढचं मी जास्त सांगणार नाही. झाडाकडं पाठ करून, उकिडवी बसलेली होती ती. गल्ली धावली, डबे वाजले, पेटते टेंभे घेऊन पोरं नाल्यात उतरली, तेव्हा वाघानं तिला सोडलं. नाल्याच्या वाळूत. वनिता तिच्या घरातून धावत आली होती, हाताला कणीक लागलेली. ती आलीच नव्हती झाडाकडं. लोकांनी मला विचारलं, बाई सांजेला मागं कशाला गेली, तर मी जे झालं ते बोललो, वनिता तिथं उभी आहे हे माझ्या ध्यानात नव्हतं. ते ऐकून ती भिंतीला धरून खाली बसली. तिला उठवायला दोघी लागल्या.

अनुसयाला आरमोरीच्या सरकारी दवाखान्यात नेलं, पंचनाम्याचे कागद व्हायचे होते. ती रात्र तिथंच. मला लोकांनी घरी आणलं. सासरी असलेल्या आमच्या लेकीला निरोप गेला.

सकाळ झाली तसा मी इळा घेतला आणि मागं गेलो. गार्ड आणि त्याचे लोक नाल्यात पिंजरा लावत होते. तो म्हणाला, बाबा, तुम्ही राहू द्या, आम्ही कापतो. मी म्हटलं, नाही, माझं काम आहे. मी झाड वरून खाली कापत आलो. कळ्या होत्या, पुष्कळ होत्या. बुडापर्यंत आणलं, आता त्याच्या मागं मांजरही लपलं नसतं. मग बसलो आणि फांद्यांचे तुकडे केले, वीतभर, करंगळीएवढे जाड, खालून तिरपे कापलेले, वरची दोन पानं ठेवून. ती करायची तसे. टोपलंभर झाले. टोपलं उचलून घराच्या समोर, भर रस्त्यावर आणून ठेवलं.

गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. त्यांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. सुतकाच्या घरातून कोणी काही नेत नाही, आणि दिलेली फांदी तर लागतच नाही. मी म्हटलं, "ज्याईले जास्वंद पाह्यजे त्याईनं आता न्यावं. समोरून. तोंडानं मागून." कोणी हललं नाही.

मी वनिताच्या दारात गेलो. ती उंबऱ्याच्या आत बसली होती, डोळे सुजलेले. तिची सासू म्हणाली, भाऊजी, तिनं पाणीबी नाई घेतलं. मी कडक माणूस आहे, मला गोड बोलता येत नाही.

"पोरी, ऊठ," म्हटलं. "तुहा काई दोष नाई. तू आलीच नव्हती. चाल, फांदी माग."

ती मान हलवत राहिली.

"माग म्हणतो ना."

"मामाजी, मागितलेली लागत नाई," ती रडत म्हणाली.

"नाई लागली तं वाळू दे. वाळली तं अजून एक माग. पण मांगच्या अंगानं कोणी जायचं नाई आता. कोणासाठी पाठ करून बसायचं नाई. माग."

ती उठली. माझ्यामागं रस्त्यावर आली, सगळ्या बायांसमोर. ओठ हलले, आवाज निघाला नाही. मी म्हटलं, मोठ्यानं.

"मामाजी, मले जास्वंदीची फांदी द्या जी."

मी तिच्या पदरात दोन टाकल्या. मग तिची सासू पुढं आली, तिनंही मागितली. मग दुसरी. मग एकेक करून सगळ्या आल्या, प्रत्येकीनं तोंडानं मागितली आणि उजेडात, रस्त्यानं घेऊन गेली. कोणाची लागली, कोणाची वाळली, ते मी पाहत बसलो नाही. टोपलं रिकामं झालं. चिकट हात धुतले, पेटीतून तिचं नवं लुगडं काढलं आणि आरमोरीला जाणाऱ्या गाडीत बसलो, तिला आणायला.